घर कशावर उभे राहते?

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन शेजारी तालुके आहेत. त्यांचा पूर्वेकडील भाग बराचसा सपाट व बागायती आहे. पश्चिमेकडील भाग मात्र सह्याद्रीच्या कड्यांना जाऊन भिडला आहे. कुकडी, मीना आणि घोड या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. आषाढ-श्रावणात येथे पावसाची झड दिवसच्या दिवस थांबत नाही. अशा प्रदेशात राहणाऱ्या माणसाला घर बांधताना दोन गोष्टींचा विचार करावाच लागतो : पायाखालची जमीन आणि डोक्यावरचे पाणी.

हा विचार या भूमीत फार जुना आहे. जुन्नरच्या सभोवती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीचा डोंगर, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा येथील लेणी पाहणाऱ्याला शिल्पकारांचे कौशल्य तर दिसतेच, पण त्यांची दूरदृष्टीही दिसते. त्यांनी आपल्या निवासासाठी अखंड, पक्का कातळ निवडला. त्याच कातळात पाण्याची टाकी खोदली. या टाक्यांना तेव्हाच्या शिलालेखांत 'पोढी' असे नाव आहे. पावसाचे पाणी कोठून येईल, कोठे साठेल आणि कोठून वाहून जाईल, हे ठरवल्यावाचून त्यांनी छिन्नीचा घाव घातला नसावा, असेच ती रचना पाहून वाटते.

डोंगरातल्या सामान्य माणसाचे घर अर्थातच कातळाचे नव्हते. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवताचे किंवा कौलांचे उतरते छप्पर, असे ते साधे घर असे. त्याला लागणारे सर्व सामान जवळच्या रानातून मिळे. उन्हाळ्यात ते गार राही आणि पावसाळ्यात छपरावरचे पाणी पागोळ्यांनी झरझर उतरून जाई. घराची डागडुजी घरची माणसेच करीत. परंतु घर कितीही शहाणपणाने बांधलेले असले, तरी त्याच्या पाठीशी असलेला डोंगरच ढळला तर काय होणार?

या प्रश्नाचे उत्तर 2014 साली अतिशय क्रूरपणे मिळाले. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या परिसरात, डिंभे धरणाच्या जलाशयापासून जवळच माळीण नावाचे गाव होते. गावात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती होती. 30 जुलै 2014 च्या सकाळी, मुसळधार पावसात, गावामागचा डोंगरउतार सुटला आणि चिखल, दगड व झाडे यांचा लोंढा गावावर कोसळला. काही क्षणांत बहुतेक घरे गाडली गेली. नित्याप्रमाणे आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला ओळखीचे गाव जागेवर दिसेना; त्याने ही वार्ता पुढे कळवली, तेव्हा बाहेरच्या जगाला या संकटाची जाणीव झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पावसातच कित्येक दिवस माती उपसत होते. या आपत्तीत 151 माणसे मृत्युमुखी पडली.

असे का झाले, याचा पुढे पुष्कळ विचार झाला. अतिवृष्टी हे तर उघड कारण होते. पाणी मातीत मुरत गेले, माती जड व सैल झाली आणि खालच्या खडकावरून घसरली. पण अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. डोंगरउतारावर भाताची खाचरे काढण्याच्या कामाला या भागात 'पडकई' म्हणतात. पूर्वी गावकरी एकत्र येऊन हे काम हातांनी, बेताबेताने करीत. अलीकडच्या काळात उतार यंत्रांनी कापले जाऊ लागले. उतार कापला आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर डोंगराचा तोल जातो. शेतकऱ्याला भात मिळावा, हा हेतू चांगलाच होता. पण चांगला हेतू आणि पुरेसे ज्ञान या दोन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात.

वाचलेल्या लोकांपुढे पहिला प्रश्न निवाऱ्याचा होता. काही काळ ते तात्पुरत्या पत्र्याच्या घरांत राहिले. शासनाने भूवैज्ञानिकांकडून जागांची पाहणी करवली आणि जवळच्या आमडे येथील जागा नव्या गावासाठी ठरवली. तेथे भूकंपाचा धक्का सोसतील अशी पक्की घरे बांधण्यात आली. शाळा, रस्ते व पाणीपुरवठा यांचीही सोय झाली. 2 एप्रिल 2017 रोजी ही घरे गावकऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आली. जुन्या जागी गेलेल्यांचे स्मारक उभे राहिले.

येथे ही कथा संपली असती, तर ती सोपी झाली असती. परंतु त्याच वर्षी जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस आला आणि नव्या गावातील भरावाची माती खचली. रस्त्यांना भेगा पडल्या. लोकांच्या मनात जुनी भीती पुन्हा दाटून आली. त्यानंतर दुरुस्तीची कामे हाती घ्यावी लागली. भिंती मजबूत होत्या. पण डोंगराळ जागा सपाट करताना टाकलेली माती अजून मुरलेली नव्हती आणि पावसाचे पाणी आपली वाट शोधत होते. दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरणाऱ्यांनी सोडवलेला प्रश्नच पुन्हा समोर उभा राहिला होता.

लोकांना टिकाऊ घरे मिळावीत, यासाठी शासनाच्या हाती मुख्यतः तीन साधने असतात. पहिले साधन नियमांचे. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांनुसार, पाच फूट अंतरात एक फुटाहून अधिक चढणाऱ्या डोंगरउतारावर बांधकाम करता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण नियम होण्याच्या कित्येक पिढ्या आधी वसलेल्या वाड्यांना तो कसा वाचवणार?

दुसरे साधन आर्थिक साहाय्याचे. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण विभाग सुरू झाला. त्यात घर बांधण्यासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये व डोंगरी राज्यांसारख्या दुर्गम भागांत 1 लाख 30 हजार रुपये देण्याचे ठरले. ही रक्कम हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या बँकखात्यात जमा होते आणि बांधकाम कोठवर आले, याची छायाचित्रे घेतली जातात. घर किमान 25 चौरस मीटरचे असावे, असा दंडक आहे. कोणाला घर आधी मिळावे, याच्या यादीची तपासणी ग्रामसभा करते. आदिवासी कुटुंबांसाठी महाराष्ट्रात शबरी घरकुल योजनाही आहे. पैशाने विटा, सिमेंट व पत्रे येतात. परंतु सुरक्षित जागा केवळ पैशाने मिळत नाही.

म्हणून तिसरे साधन ज्ञानाचे. माळीणच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यातील डोंगराळ गावांची पाहणी झाली आणि वीसहून अधिक गावांना दरडीचा धोका असल्याचे आढळले. गवंड्यांना प्रशिक्षण देणे, निरनिराळ्या प्रदेशांतील हवामान व माती यांना साजेसे घरांचे नमुने तयार करणे, हीदेखील ज्ञानाचीच कामे होत. तथापि ज्ञान कागदावर राहून उपयोगी पडत नाही. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली, तेव्हा पुन्हा अनेक माणसे प्राणांस मुकली.

नियम, साहाय्य आणि ज्ञान ही तिन्ही साधने एकमेकांच्या आधाराने चालतात. त्यांतील एकही दुबळे असले, तर घर डगमगते. आणि या तिहींच्या जोडीला गावाची जागरूकता हवी. डोंगराला नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे किंवा खांब कलू लागले, तर ही चिन्हे सर्वांत आधी तेथे राहणाऱ्या माणसालाच दिसतात. ती ओळखून वेळीच कळवणे आणि जागा सोडणे, हे शहाणपण लहान मुलालाही शिकता येते.

घर भिंतींवर उभे असते, असे आपण मानतो. माळीण सांगते की ते जमिनीवर उभे असते, पाण्याच्या वाटेचा मान राखून उभे असते आणि माणसांच्या दूरदृष्टीवर उभे असते.

स्वाध्याय

1. जुन्नरची लेणी कोरणाऱ्यांची दूरदृष्टी कोणत्या गोष्टींवरून दिसते?
2. 'चांगला हेतू आणि पुरेसे ज्ञान या दोन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात,' हे वाक्य पडकईच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
3. जून 2017 मध्ये नव्या गावात कोणती अडचण आली? ती का आली?
4. शासनाची तीन साधने कोणती? प्रत्येकाची मर्यादा एकेका वाक्यात सांगा.
5. आपल्या घराच्या छपरावरचे पाणी कोठून कोठे जाते, ते पावसात पाहून दहा ओळी लिहा.