झाडू हातात दिला, म्हणजे शिक्षा?

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्याहून टोकियोला आलो. तिसरीतल्या मुलीला शाळेत वर्ग झाडायला, फरशी पुसायला लावतात. तिचं काही चुकलं असेल का? बाईंना जाब विचारावा का?
– एक आई, टोकियो

उत्तर : ताई, निश्चिंत राहा, ही शिक्षा नाही. जपानी शाळांत ‘सोजी’, म्हणजे साफसफाई, वेळापत्रकातच असते. सगळी मुलं गटागटानं ती करतात, बरेचदा शिक्षकही सोबत असतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. आणि शिक्षेचंच म्हणाल, तर मुलांना मारण्याला तिथे १९४७च्या शालेय शिक्षण कायद्यानंच बंदी आहे.

धुळीचा त्रास असेल, तर शाळा-घर निरोपाच्या ‘रेन्राकुचो’ वहीत लिहा. मात्र तिला एकटीलाच काम लावत असतील किंवा ती शाळेला घाबरत असेल, तर वर्गशिक्षिकेची भेट मागा. दुभाषा मिळेल का, तेही आधीच विचारा.