‘चोवीस तास सेवा’ हा फलक पुरेसा नाही

‘मॅडम, डॉक्टर तुम्ही आहात की मी?’ हे वाक्य मी विसरणार नाही. मी डॉक्टर नाही. पण समोर खाटेवर पडलेल्या नानांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा हात लुळा लोंबत होता आणि बोललेलं काही कळत नव्हतं. हा लकवा आहे हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

अजूनही नातेवाईक भेटायला येतात आणि हळूच म्हणतात, ‘जरा आधी हलवायला हवं होतं.’ त्यांच्यासाठी एकदा नीट सांगते. सकाळी सातला नाना जास्वंदीची फुलं घेऊन आत आले, माझ्याशी चांगलं बोलले. चहाच्या वेळी हातातली कपबशी निसटली. मी दादाला लावलेल्या फोनची वेळ ७:१८ आहे. आठच्या आत आम्ही तालुक्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात होतो. बाहेर फलक होता : चोवीस तास अत्यावश्यक सेवा, सीटी स्कॅन उपलब्ध.

ड्युटीवरच्या डॉक्टरने बीपी घेतलं. ‘प्रेशर वाढलंय, अशक्तपणा आहे. सलाईन लावतो, मोठे सर राउंडला आले की बघतील.’ मी सीटी करा म्हणत राहिले, त्यावर वरचं वाक्य ऐकवलं गेलं. साखरसुद्धा तपासली नाही. बीपी झटक्यात उतरावं म्हणून जिभेखाली गोळी मात्र दिली. लकव्यात बीपी असं एकदम खाली आणलं तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटू शकतो, हे मला नंतर कळलं. त्या डॉक्टरला ते तेव्हाच माहीत असायला हवं होतं. दादा काउंटरवर होता, कारण डिपॉझिट भरल्याशिवाय फाईल पुढे सरकत नव्हती. पैसे भरले, पावती मिळाली. ‘सीटी?’ ‘होईल.’ कधी, ते कोणी सांगेना.

दहाच्या सुमारास डबा हातात घेतलेला एक तरुण आला, त्याने खिशातून किल्ली काढली आणि सीटीच्या खोलीचं कुलूप उघडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन होतं, ते चालवणारा माणूस नव्हता. आम्ही मोठ्या सरांची नव्हे, या मुलाच्या ड्युटीची वाट पाहत बसलो होतो. त्याचा काही दोष नाही, तो त्याच्या वेळेवर आला. दोष त्यांचा, ज्यांना हे आठ वाजता माहीत होतं आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही. एवढंच म्हणाले असते, ‘आमच्याकडे दहापर्यंत सीटी होणार नाही, मिरजेला पळा,’ तरी मी आयुष्यभर त्यांचे आभार मानले असते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीचा लकवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतंच. मग बिल, रेफरची चिठ्ठी, सही करणारे सर जागेवर नाहीत. मिरजेला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, ‘शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलंत?’ मी सात म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

इंजेक्शनने नाना पूर्ण बरे झालेच असते असं मी म्हणत नाही. पण ती संधी त्यांची होती. आज त्यांचा उजवा हात उठत नाही, शब्द सापडत नाहीत.

आता तुमच्यासाठी. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं, यातलं एकही लक्षण दिसलं तरी घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहून ठेवा. कोणी झोपेतून असा उठला, तर झोपण्याआधीची वेळ धरतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब मेंदूचे डॉक्टर मांडतात. कांदा हुंगवणं, तेल चोळणं, झाडपाल्याचा लेप यांत ती मिनिटं घालवू नका.

पाणी, चहा, गोळी काही देऊ नका, गिळताना ठसका लागून श्वासनलिकेत जातं. लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कळत नाही, म्हणून रक्त पातळ करणारी गोळीही घरी देऊ नका. साखर खूप उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं, तेव्हा बोटाला टोचून साखर बघायला सांगा.

रुग्णालयाच्या दारातच विचारा : सीटी आत्ता, या क्षणी होईल का? गुठळीचं इंजेक्शन इथे देता का? उत्तर गुळमुळीत आलं तर रुग्णाला खाटेवर घेऊच देऊ नका, पुढे निघा. १०८ची ॲम्ब्युलन्स मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. साडेचार तास उलटले तरी आशा सोडून घरी बसू नका. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी काही रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही तारेने काढता येते.

डिपॉझिटसाठी उपचार अडवले तर आवाज चढवा. जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. आणि कागद मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने नोंदी द्यायच्या, असा २००२चा नियम आहे. आमच्या केसपेपरवर निदान ‘अशक्तपणा’ आहे आणि आल्याची वेळच लिहिलेली नाही. माझ्या फोनमधली नोंद नसती तर उशीर आमचाच ठरला असता.

बाकी औषधांची यादी, आधार कार्ड, विम्याचे कागद एका पिशवीत ठेवा, घाबरून जाऊ नका, हे सगळे सांगतातच. मी सांगते ते जास्त कामाचं आहे. घरात सगळे धडधाकट असताना, याच आठवड्यात, जवळच्या रुग्णालयांत जा आणि काउंटरवर विचारा : रात्री दोन वाजता सीटी कोण चालवतं? गुठळीचं इंजेक्शन ठेवता का? जिथे सरळ उत्तर मिळेल, त्या रुग्णालयाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. जिथे ‘तुम्हाला कशाला हवंय?’ असं विचारतील, तिथे आपलं माणूस नेऊ नका.