बँक शाखेचा संकेतांक आणि सुरक्षित निधी हस्तांतरण

दिल्लीच्या नैऋत्य भागातील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत क्रमांक दिलेल्या सेक्टरांमध्ये विभागलेली आहे. देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात आणि त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही आहेत. अशा कुटुंबांच्या मासिक अंदाजपत्रकात गावाकडे पाठवावयाच्या रकमेला कायमचे स्थान असते. आई-वडिलांचे औषधपाणी, भावंडांचे शिक्षण, घराचे हप्ते यांसाठी दिल्लीतून सातारा, लातूर किंवा अमरावतीकडे पैसा जात असतो.

भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर सेवा १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईतील गिरणी कामगारांच्या मनीऑर्डरींवर कोकणातील असंख्य घरे उभी राहिली. मनीऑर्डरीत पोस्टमन पैसे घेणाऱ्याला नावाने ओळखत असे आणि त्याची सही किंवा अंगठा घेऊनच रक्कम हाती देत असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात पोस्टमनची जागा दोन क्रमांकांनी घेतली आहे : बँक शाखेचा संकेतांक आणि खाते क्रमांक. हे क्रमांक कोणते काम करतात आणि कोणते करीत नाहीत, हे समजून घेणे हा सुरक्षित व्यवहाराचा पाया होय.

संकेतांकाची रचना

इंडियन फायनान्शियल सिस्टिम कोड, अर्थात आयएफएससी, हा अकरा स्थानांचा संकेतांक आहे. पहिली चार अक्षरे बँक दर्शवितात. उदाहरणार्थ, भारतीय स्टेट बँकेसाठी ‘एसबीआयएन’ आणि बँक ऑफ महाराष्ट्रसाठी ‘एमएएचबी’. पाचव्या स्थानी शून्य असून ते भावी उपयोगासाठी राखून ठेवलेले आहे. तेथे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर लिहिण्याची चूक वारंवार होते. शेवटची सहा स्थाने शाखा दर्शवितात.

धनादेशावर छापलेला नऊ अंकी एमआयसीआर संकेतांक याहून वेगळा आहे. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. दिल्लीतील स्टेट बँकेच्या शाखांचे एमआयसीआर संकेतांक ११०००२ या अंकांनी सुरू होतात, कारण ११० हे दिल्लीचे आणि ००२ हे स्टेट बँकेचे चिन्ह आहे. एमआयसीआरचा मुख्य उपयोग धनादेशांच्या यांत्रिक वाचनासाठी होतो, तर आयएफएससीचा उपयोग निधी हस्तांतरणाचा संदेश योग्य बँकेकडे व शाखेकडे नेण्यासाठी होतो. स्पर्धा परीक्षांत या दोहोंची गल्लत होऊ नये.

शाखेचे नाव पुरेसे का नाही, याचे उत्तर आर. के. पुरममध्येच मिळते. वसाहत अनेक सेक्टरांत पसरलेली असल्याने एकाच परिसराचे नाव एकाहून अधिक शाखांच्या पत्त्यात येऊ शकते. शिवाय याच नावाचे भाग हैदराबाद-सिकंदराबाद परिसरात आणि राजस्थानातील कोटा शहरातही आहेत. महाराष्ट्रात ‘शिवाजीनगर’ किती गावांत आढळते, हे सांगण्याची गरज नाही. नावाची पुनरावृत्ती होते, संकेतांकाची होत नाही.

हस्तांतरणाच्या व्यवस्था

तात्काळ सकल तडजोड व्यवस्था, म्हणजे आरटीजीएस, रिझर्व्ह बँकेने मार्च २००४ मध्ये सुरू केली. हिच्यात प्रत्येक व्यवहाराची तडजोड स्वतंत्रपणे होते. किमान रक्कम दोन लाख रुपये आहे. राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण, म्हणजे एनईएफटी, नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले. यात व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटांत एकत्र करून निव्वळ रकमेची तडजोड केली जाते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षभर चोवीस तास उपलब्ध आहे. बचत खातेदारांनी ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क आकारले जात नाही.

भारतीय राष्ट्रीय प्रदान महामंडळाची आयएमपीएस सेवा २०१० मध्ये आली. तिची प्रतिव्यवहार मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आली. या सेवेतही खाते क्रमांक व आयएफएससी वापरून रक्कम पाठविता येते. या सर्व व्यवस्थांना पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियम, २००७ चा कायदेशीर आधार आहे.

धोका नेमका कोठे आहे ?

सर्वसाधारण समज असा की, अर्जात नाव, खाते क्रमांक व संकेतांक लिहिला की बँक तिन्ही गोष्टी ताडून पाहते. प्रत्यक्षात तसे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या निर्देशानुसार बँका रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करू शकतात, आणि अचूक माहिती देण्याची जबाबदारी प्रेषकावर आहे. कोअर बँकिंगमुळे खाते क्रमांक संपूर्ण बँकेत एकमेव असतो, म्हणून ही पद्धत व्यवहार्य ठरली.

यावरून चुकीचे परिणाम कसे वेगवेगळे होतात ते पाहावे. समजा, आर. के. पुरममधील एका कर्मचाऱ्याने साताऱ्यातील वडिलांच्या खात्यावर वीस हजार रुपये पाठविले. संकेतांक त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला, पण खाते क्रमांक बरोबर असेल, तर रक्कम बहुधा योग्य खात्यातच जमा होते. संकेतांक किंवा खाते क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर व्यवहार नाकारला जातो किंवा रक्कम परत येते. एनईएफटीत जमा न होऊ शकलेली रक्कम संबंधित गटाची तडजोड झाल्यापासून दोन तासांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. मात्र खाते क्रमांकातील एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणा खातेदाराचा निघाला, तर रक्कम निमूटपणे तेथे जमा होते. खरी हानी येथेच होते. संकेतांक पैशाला योग्य दारापर्यंत नेतो, पण दार उघडणारा कोण आहे हे तो सांगत नाही.

चुकून मिळालेली रक्कम परत करणे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ अन्वये घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. तथापि, वसुलीसाठी त्या खातेदाराची संमती किंवा कायदेशीर मार्ग लागतो आणि त्यात महिने जातात. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला एवढा विलंब परवडणारा नसतो.

नावाची पडताळणी

ही उणीव दूर करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना निर्देश दिले. त्यानुसार आरटीजीएस व एनईएफटीसाठी लाभार्थ्याचे नाव पाहण्याची सुविधा १ एप्रिल २०२५ पर्यंत विनाशुल्क उपलब्ध करून द्यावयाची होती. प्रेषकाने खाते क्रमांक व आयएफएससी भरल्यावर लाभार्थी बँकेच्या नोंदीतील नाव त्याला दिसते आणि त्यानंतरच तो रक्कम पाठविण्याचा निर्णय घेतो. पोस्टमनची ओळख पटविण्याची भूमिका अशा रीतीने व्यवस्थेत परत आली आहे.

विलीनीकरण आणि बदललेले संकेतांक

बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने संकेतांक काही काळ चालतात व नंतर रद्द होतात. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने संकेतांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे संकेतांक १ जुलै २०२१ पासून बंद झाले. म्हणून जुन्या पासबुकावरून संकेतांक उतरवून घेण्यापूर्वी तो आजही वैध आहे याची खात्री करावी.

दक्षतेची सूत्रे

संकेतांक चालू धनादेश, पासबुक, बँकेचे अधिकृत संकेतस्थळ किंवा रिझर्व्ह बँकेची यादी यांवरूनच घ्यावा. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रनामावर आणण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. त्यामुळे बनावट संकेतस्थळ ओळखणे सोपे होते. नवीन लाभार्थ्याला प्रथम अल्प रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री दूरध्वनीवर करावी आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवावा.

आयएफएससी हा गुप्त क्रमांक नाही. पैसे मिळविण्यासाठी तो व खाते क्रमांक देणे आवश्यकच असते. मात्र पैसे मिळविण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही. तो मागणारी व्यक्ती फसवणूक करीत आहे असे निश्चित समजावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे तत्काळ तक्रार करावी. बँकेने तीस दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

वित्तीय समावेशनाचे मोजमाप केवळ उघडलेल्या खात्यांच्या संख्येने पूर्ण होत नाही. दिल्लीतून पाठविलेले पैसे गावातील वृद्ध पित्याच्याच खात्यात, वेळेवर आणि पूर्ण पोहोचतात असा विश्वास सामान्य नागरिकाला वाटला, तरच ते समावेशन अर्थपूर्ण ठरते. संकेतांक, खाते क्रमांक आणि नाव ही तिन्ही जुळवून पाहण्याची सवय हा त्या विश्वासाचा नागरिकाच्या हाती असलेला भाग आहे.