चाकणला निघण्याआधी शिफ्ट विचारा

पिंपरी-चिंचवडला कामासाठी पहिल्यांदाच आलेला माणूस सकाळी हॉटेलातून निघताना विचारतो, ‘चाकण किती लांब आहे?’ इथला मुरलेला ड्रायव्हर किलोमीटर सांगत नाही. तो उलट विचारतो, ‘साहेब, तिथं किती वाजता पोचायचंय?’ नाशिक फाट्यापासून चाकण वीसेक किलोमीटर. पहाटे पाचला निघालं तर अर्ध्या-पाऊण तासात गाडी पोचते. सकाळी आठ वाजले की त्याच रस्त्याला दीड तास लागतो आणि पाऊस असला तर त्याचाही भरवसा नाही.

या पट्ट्यात कामासाठी सतत फिरणारी माणसं पुष्कळ आहेत. मशीन दुरुस्तीला जाणारे सर्व्हिस इंजिनिअर, सप्लायरकडे माल तपासणारे क्वालिटीवाले, ऑडिटर, सेल्सवाले, डायची ट्रायल घ्यायला येणारे टूलरूमचे कारागीर. एकाच कंपनीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला निदान कंपनीची बस असते आणि रस्ता सवयीचा होतो. यांचा रस्ता रोज वेगळा, गेट वेगळं, वॉचमनही वेगळा. चहाच्या टपरीवर यांच्या तक्रारी ऐकल्या की कळतं, बहुतेकांच्या डोकेदुखीचं मूळ एकच आहे. आपण ऑफिसच्या घड्याळाने निघतो आणि हा पट्टा चालतो शिफ्टच्या घड्याळाने.

असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळरानावर कारखाने आले. त्या काळी घर आणि कारखाना एकमेकांच्या हाकेवर होते. पुढे मोठ्या प्रकल्पांना इथली जागा पुरेना. १९९९मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. कारखाने खेड तालुक्यात गेले, पण माणसांची घरं भोसरी, मोशी, चिखली, निगडीतच राहिली. रस्ता मात्र तोच राहिला.

चाकणच्या ऐन मध्यात तळेगाव चौक आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. दुपारी साडेतीनच्या सुमाराला या चौकात उभं राहून बघावं. फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते, सेकंड शिफ्टच्या बसेस अजून वाटेत असतात. न्हावाशेवा बंदरातून तळेगावमार्गे आलेले कंटेनर पुढे रांजणगावकडे निघालेले असतात. नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेला लांबलचक ट्रेलर वळण घ्यायला लागतो आणि त्याचं शेपूट चौकातून निघेपर्यंत चारही बाजू थांबतात. त्या फटींतून दुचाकीवरचे कामगार वाट काढतात. सगळ्यात जास्त जीव त्यांचाच धोक्यात असतो. ऑगस्ट २०२५मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे चाकणची कोंडी पाहायला आले होते. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२४मध्ये, केंद्राने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा आकडा ७,८२७ कोटी रुपयांचा. मंजुरी आणि वाहतूक सुरू होणं यांच्यातलं अंतर मात्र आजच्या प्रवाशाला याच रस्त्यावर काढायचं आहे.

तेव्हा पहिला सल्ला वेळेचा. भेटीची वेळ आपल्याला ठरवता येत असेल तर सकाळी साडेदहा-अकराची मागा. तोवर जनरल शिफ्ट आत गेलेली असते आणि रस्ता थोडा मोकळा असतो. काम आटोपलं तर दुपारी अडीचच्या आत चाकण सोडा. नाहीच जमलं तर घाई करू नका, कॅन्टीनमध्ये बसून रिपोर्ट पुरा करा आणि रात्री आठनंतर निघा. मधल्या वेळेत निघणारा माणूस दमतो, चिडतो आणि घरी पोचतो जवळपास त्याच सुमाराला. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या बाजूला काम असेल तर चाकण गावात शिरायची गरजच नसते. देहू किंवा तळेगावकडून आत यायचा रस्ता आधी विचारून ठेवावा. मुंबईहून येणाऱ्याने तर द्रुतगती मार्ग तळेगावलाच सोडावा. पुण्यापर्यंत येऊन पुन्हा मागे फिरण्यात काहीच अर्थ नाही.

घड्याळाइतकंच इथलं कॅलेंडरही निराळं आहे. भोसरी-पिंपरीतल्या पुष्कळ लहान कारखान्यांची आठवडी सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. दिल्लीहून किंवा चेन्नईहून गुरुवार धरून दौरा आखणारे लोक आजही भेटतात आणि बंद शटरसमोरून फोन लावत बसतात. मोठ्या कंपन्यांची सुट्टी बहुधा रविवारी. म्हणजे एकाच दौऱ्यात मोठी कंपनी आणि तिचा सप्लायर, दोन्ही गाठायचे असतील तर सुट्ट्या आधीच फोन करून विचारायला हव्यात. शनिवारी चाकणचा आठवडे बाजार. कांद्याच्या गाड्या आणि जनावरांचे टेम्पो त्याच रस्त्यावर येतात. बाजार कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून इथे भरतो, रस्त्यावर त्याचाही तितकाच हक्क आहे.

आणि वारी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकाराम महाराजांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीतून ज्ञानेश्वर महाराजांची. तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीला मुक्काम असतो आणि पुढे ती जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने पुण्याकडे जाते. त्या दिवसांत निगडी ते दापोडीचा रस्ता आणि आळंदी-दिघी रस्ता टप्प्याटप्प्याने बंद होत जातो. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, देहू माणसांनी फुललेलं असतं. बाहेरून येणाऱ्याच्या फोनमधल्या कॅलेंडरात या तिथी नसतात. त्या दिवसांत मीटिंग ठेवूच नये. ठेवली गेलीच असेल तर गाडी लांब लावून थोडं चालावं आणि सोहळाही पाहून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मोठी तक्रार पत्त्याची. ती अगदी खरी आहे. चाकणचा तळेगाव चौक तळेगावात नाही. नाशिक महामार्गावरचा आळंदी फाटा आळंदीत नाही, आणि देहू फाटा शोधणाऱ्याला आळंदी गाठावी लागते. देहूरोड स्टेशनवर उतरलेल्याला देहू गाव अजून काही किलोमीटर लांब असतं. तळेगावही दोन आहेत. दाभाड्यांचं तळेगाव चाकणच्या पश्चिमेला आणि ढमढेरे तळेगाव पार शिक्रापूरजवळ, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. ‘तळेगावचा सप्लायर’ एवढंच ऐकून निघालेली गाडी दोनपैकी कुठेही जाऊ शकते. राजगुरुनगरला अजूनही सगळे खेड म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड वेगळं आणि सातारा रस्त्यावरचं खेड शिवापूरही वेगळं. मेट्रोचं भोसरी नावाने सुरू झालेलं स्टेशन नाशिक फाट्यावर आहे. भोसरी गावात जायला तिथून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते.

भोसरी एमआयडीसीत पत्ता ब्लॉकवर चालतो: जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक आणि प्लॉट नंबर. चाकणला गट नंबर आणि गाव. खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, आंबेठाण. गट नंबर फोनच्या नकाशाला धड सापडत नाही. नकाशा नेमका मागच्या भिंतीशी नेऊन सोडतो, नाहीतर मटेरियल गेटवर ट्रकच्या रांगेत. म्हणून निघण्याआधी ज्याला भेटायचंय त्याच्याकडून व्हिजिटर गेटचं लोकेशन मागवावं आणि शेजारच्या मोठ्या कंपनीचं नाव विचारून ठेवावं. रस्त्यात विचारायची वेळ आली तर लोक कंपनीच्याच खुणेवर वाट सांगतात. टेल्को रोड, केएसबी चौक, थरमॅक्स चौक ही नावं कुठल्याही रिक्षावाल्याला पाठ असतात.

गेटवर पोचलं म्हणजे काम झालं, असं नाही. रजिस्टरमध्ये नाव, कोणाकडे, कशासाठी, गाडी नंबर. मग फोटो, मग लॅपटॉपचा सिरियल नंबर. तो लॅपटॉपच्या पोटाखाली इतका बारीक छापलेला असतो की मागे रांग वाढत असताना टॉर्च लावून वाचावा लागतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो. शॉप फ्लोअरवर जायचं तर सेफ्टी शूज हवेत. कंपनीचे उसने जोड असतात खरे, पण आपल्या मापाचा सापडेलच असं नाही. नेहमी फिरणाऱ्याने स्वतःचे सेफ्टी शूज गाडीत किंवा सॅकमध्ये ठेवावेत आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवावा.

चिंचवडच्या एका सर्व्हिस इंजिनिअरने सांगितलेला अनुभव इथे सांगायलाच हवा. सीएनसी मशीन बंद पडल्याचा सकाळी फोन आला. लाइन थांबलेली, म्हणून गेटवर सगळे घाईत. ‘आधी मशीन बघा, एंट्रीचं मागून बघू,’ असं म्हणत त्याला टूलबॅगसकट आत घेतलं. बॅगेत त्याची स्वतःची मापनाची महागडी उपकरणं होती. मशीन संध्याकाळी सुरू झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली. बाहेर पडताना मात्र गेटवर नवी शिफ्ट होती. रजिस्टरमध्ये टूलबॅगेची इनवर्ड नोंदच नाही, मग ती बाहेर कशी सोडणार? सही करणारा स्टोअरचा माणूस जनरल शिफ्टच्या बसने घरी गेलेला. सकाळचा वॉचमन फोन उचलेना. बॅग रात्रभर गेटच्या खोलीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीत ठरलेलं काम त्याला रद्द करावं लागलं. वॉचमनवर त्याचा राग नाही. नोंदीशिवाय वस्तू सोडली असती तर त्या माणसाची नोकरी गेली असती. पण तेव्हापासून लाइन थांबलेली असो वा नसो, तो टूलची यादी छापून नेतो, दोन प्रतींवर शिक्का घेतो आणि एक प्रत खिशात ठेवतो. रिटर्नेबल गेटपास लागणार असेल तर चार वाजायच्या आत त्याच्यावर सही घेतो. ही सवय या पट्ट्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने लावून घ्यावी.

चाकणहून पुण्यात जायचं असेल तर गाडीचा हट्ट सोडावा. नाशिक फाट्यापर्यंत यावं आणि तिथून मेट्रो पकडावी. पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ला सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ला मार्ग सिव्हिल कोर्टापर्यंत पोचला आणि सप्टेंबर २०२४मध्ये स्वारगेटपर्यंत. दापोडी, बोपोडी, खडकीच्या गर्दीवरून गाडी वरच्यावर निघून जाते. तळेगाव-लोणावळा बाजूला जाणाऱ्यांना १९७८पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल आहे. मात्र तिच्या फेऱ्यांमध्ये मोठी अंतरं पडतात, विशेषतः दुपारी. वेळापत्रक न पाहता स्टेशनवर जाऊ नये.

विमानतळासाठी मात्र हातचं राखूनच वेळ धरावा. खेड-चाकण परिसरात विमानतळ होणार म्हणून इथे कितीतरी वर्षं चर्चा झाली, शेवटी प्रस्ताव पुरंदरला गेला. त्यामुळे विमानासाठी लोहगावच गाठावं लागतं. आळंदी-चऱ्होलीचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो आणि एरवी तो बराही असतो, पण एकादशीला आणि लग्नाच्या तिथीला तिकडे फिरकू नये. जवळ फक्त पाठीवरची बॅग असेल तर सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून रामवाडीपर्यंत जाता येतं आणि तिथून विमानतळ जवळ आहे. मोठ्या बॅगा घेऊन संध्याकाळच्या गर्दीत हे करू नये.

या रस्त्यावर सगळ्यात जास्त फिरणारा आणि सगळ्यात कमी बोलणारा प्रवासी म्हणजे लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळहून आलेला कंत्राटी कामगार. त्याचा मोठा प्रवास वर्षातून दोन-तीनदाच होतो आणि दिवाळीतच ट्रॅव्हल्सचे दर त्याच्या आवाक्याबाहेर जातात. २०१८च्या शासन निर्णयानुसार खासगी बसला त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एसटीचं भाडं आधी बघून ठेवावं, पैसे देताना तिकिटावर पूर्ण रक्कम लिहून घ्यावी आणि जास्त घेतले तर तिकीट व बसच्या नंबराचा फोटो घेऊन आरटीओकडे तक्रार करावी. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. घरातल्या बायकामुलांसह जायचं असेल तर या सवलतीने खर्चात मोठा फरक पडतो. वल्लभनगरच्या आगारातून जागा मिळाली नाही तर वाकडेवाडीला चौकशी करावी; शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे तिथे हललं आहे, आणि जुन्या जागी सामानासह जाऊन उभे राहिलेले लोक अजूनही दिसतात. दिवाळीचं आरक्षण बोनसची वाट न पाहता करावं. बोनस हातात येतो तोवर धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच्या गाड्या भरलेल्या असतात.