टोकाचा हिशेब

तू पाठवलेले सामने पाहिले, भाचेबुवा. बोटं तुझी चांगली चालतात, मार पडतो तो पायांमुळे. वार निघतो तेव्हा समोरचा एकतर तुझ्या छातीला भिडलेला असतो, नाहीतर वीतभर बाहेर. आणि तू खेळतोस मार्थ हे पात्र, ज्याचा सगळा जीव तलवारीच्या टोकात आहे. 2001 साली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून त्याचं हे असंच आहे. टोक लागलं तर नुकसान जास्त आणि समोरचा लांब उडतो. तेच पातं मध्यावर लागलं तर तो जरासा हलतो आणि उलटा तुझ्यावर येतो. हा ताप ज्याला नको त्याच्यासाठी याच मालिकेतल्या ‘अल्टिमेट’मध्ये ल्युसिना आहे, तिचं पातं सगळीकडे सारखंच लागतं. तू मार्थ निवडलास. मग आता अंतर शिकावं लागेल.

मी गेमवाला माणूस नाही. खेळातलं जे कळतं ते तूच शिकवलंस. अंतर मात्र मी आखाड्यात शिकलो, आणि तेही दांडपट्ट्यावर. पट्ट्याची गंमत त्याच्या मुठीत आहे. आत आडवी पकड, बाहेरून कोपराकडे जाणारं लोखंडी आवरण. हात त्यात घातला की मनगट वळतच नाही. साध्या तलवारीत अंदाज थोडा चुकला तर मनगटानं सावरून घेता येतं, पट्ट्यात ती सोय नाही. वार खांद्यातून, कमरेतून निघतो आणि एकदा निघाला की निघाला. म्हणून अंतराचा सगळा विचार वाराच्या आधी, पावलांनीच करून ठेवायचा. तुझं बटण दाबल्यावर नेमकं हेच होतं. मार्थ हात मध्येच आखडता घेत नाही. वस्ताद आम्हाला काठीच्या आधी पवित्रे का घोटून घ्यायचे, ते पट्टा हातात आल्यावर कळलं.

तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापतात ते तू पाहिलंयस. लोक टाळ्या वाजवतात नजरेसाठी. पण कापणारा आधी पुढचं पाऊल कुठं पडणार ते ठरवून घेतो, मागे सरून बघतो, मगच हात टाकतो. तिथं बोटभर चूक म्हणजे दुसऱ्याचा हात गेला. तुझ्या खेळात चुकीची किंमत एवढी नाही, म्हणून तू पाय न बघता वार करतोस.

सरावाचं सांगतो. एकच वार धर. ‘अल्टिमेट’च्या सरावाच्या मैदानावर चौकटी आखलेल्या आहेत, त्या उगाच नाहीत. समोरच्याला उभा कर, वेग कमी कर आणि कितव्या रेघेवरून टोक लागतं ते पाहून ठेव. मग त्याला चालता कर, मग उडी मारता. उडी मारणाऱ्यावर तुझा हिशेब चुकणार, कारण वार सरळ रेषेत जात नाही. तो वरून खाली कमान घेत येतो, आणि वर असलेल्या माणसाला टोक जमिनीवरच्या त्याच रेघेवरून लागत नाही. जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर ही दोन वेगळी मापं आहेत, दोन्ही वेगळी पाठ कर. एक वार हातात बसेपर्यंत दुसऱ्याला शिवू नकोस. तुझ्या वयाच्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, वाटू दे.

आता जरा गणित. खेळात सेकंदाला 60 फ्रेम. मार्थचा मोठा वार बटण दाबल्यापासून दहाव्या फ्रेमच्या आसपास लागतो. डोळ्यांनी पाहून अंगठा हलवायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे 12 फ्रेम. याचा अर्थ, समोरचा तुझा वार पाहून वाचत नाही, तो आधीच ओळखून वाचतो. तुलाही तेच करायचंय. तो जिथं आहे तिथं मारू नकोस, दहा फ्रेमनंतर तो जिथं असेल तिथं मार. तो धावत येत असेल तर तो अजून बाहेर असतानाच हात सोड. तो मागे सरत असेल तर तलवार बाहेर काढूच नकोस, नुसता चालत जा. मागे जाणाऱ्यामागे वार करत पळणं ही तुझी सगळ्यात वाईट सवय आहे.

त्याही आधी समोरच्याचा लांबात लांब हात किती पोचतो ते माहीत करून घे. त्या पोचेच्या जराशा बाहेर पुढे-मागे होत राहायचं. तो मारेल, हुकेल, आणि हुकलेला हात परत घेईपर्यंतचा वेळ तुझा. आम्ही फरी-गदक्यात हेच करायचो. डाव्या हातात ढाल, उजव्यात कातडं चढवलेली काठी, आणि पहिला वार समोरच्याला करू द्यायचा.

यात एक बारकावा आहे, तो नीट ऐक. माणूस वार करतो तेव्हा त्याचा हात त्याच्या अंगापुढे येतो. सगळ्यात जवळचं लक्ष्य तेच. तलवारबाजीच्या इपी प्रकारात सगळं अंग लक्ष्य असतं, तरी जाणते खेळाडू आधी मनगट टिपतात. तिथंही टोकच लागतं, टोकावर 750 ग्रॅमचा दाब पडल्याशिवाय गुणाचा दिवा पेटत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी 1659 साली सय्यद बंडानं शिवाजी महाराजांवर पट्टा उगारला तेव्हा जिवा महालानं त्याचा तो उगारलेला हातच छाटला, असं परंपरा सांगते. तुझ्या खेळातही बाहेर आलेल्या हातापायाला मार लागतो. धड गाठायला पुढे घुसायची गरज नाही. तो हात त्यानंच आणून दिलेला असतो.

खेळात समोरच्याच्या ढालीवर मारायची वेळ आली तरी टोकानंच मार. टोकाच्या अंतरावरून मारलंस तर त्याची पकड तुझ्यापर्यंत पोचत नाही. जवळून मारलंस तर तो तुला तिथंच धरतो. आणि तो पोटात शिरलाच तर तलवार विसर. ‘मेले’ खेळत असशील तर मार्थची पकड लांबची आहे, ती वापर, त्याला बाहेर फेक आणि पुन्हा आपल्या मापावर ये. जवळच्या माणसावर तलवार फिरवत बसणं हा हट्ट झाला.

मागची जागा जपून खर्च कर. तलवारबाजीची पट्टी 14 मीटर लांब असते, आणि दोन्ही पाय मागच्या रेघेबाहेर गेले की गुण समोरच्याला. तुझ्या खेळात कडेवरून खालीच पडायचं. प्रत्येक वाराला दोन पावलं मागे सरलास तर थोड्या वेळानं सरायला उरत नाही, आणि ज्याला मागे सरता येत नाही त्याचं अंतर समोरचा ठरवतो. एक पाऊल दिलंस की संधी बघून एक परत घे.

अमेरिकेतला झेन नघमी ‘मेले’त मार्थ खेळतो. त्याचे सामने पाहतोस, पण चुकीचे तुकडे पाहतोस. शेवटचा फटका सोड. त्याआधी तो काहीच मारत नाही, नुसता सरकत असतो, ते पाहा.

दांडपट्ट्याला 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. मान मिळाला ते बरंच झालं, पण शिकणारी पोरं तेवढी वाढायला हवीत. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेड राजाला ये. लखुजी जाधवरावांच्या वाड्याच्या परिसरात मर्दानी खेळ होतात, तिथं पुढं उभं राहून पाहा आणि कुणा वस्तादाला गाठून पट्टा एकदा हातात घालून बघ. रेल्वेनं आलास तर जालन्याला उतर, तिथून एसटी मिळते. त्या दिवशी गर्दी फार असते, सकाळी लवकर पोच.