शैवालाचे नाव आणि पुरावा

गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांचे नामकरण पुराव्यावर उभे असते. १८९० साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी एका सूक्ष्म, गोल, हिरव्या शैवालाला 'क्लोरेला व्हल्गॅरिस' हे नाव दिले. यातील पहिला शब्द प्रजाती दर्शवितो, दुसरा तिच्यातील जाती. पुढे तशाच दिसणाऱ्या शंभराहून अधिक जाती 'क्लोरेला'त घातल्या गेल्या. जनुकीय तपासणीत मात्र त्यांपैकी अनेक परस्परांच्या जवळच्या आप्त नाहीत, गोल आकार निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे आला आहे, असे आढळले. म्हणून अनेकांची नावे बदलण्यात आली. आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवितो: शास्त्रातील 'जाती' नवा पुरावा मिळताच पुन्हा तपासली जाते, आणि तिच्यात उच्च-नीच नसते.