शाळेतला कचरा आणि मुलांची छाती

तिसरीतला एक मुलगा गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे वारंवार येत होता. छातीत घरघर, रात्रभर खोकला. औषधाने दोन दिवसांत बरे वाटे, पुन्हा आठवड्याने तोच प्रकार. आईचा सगळा राग पेरूवर. केसपेपर चाळताना लक्षात आले की, दर वेळची तारीख शनिवार संध्याकाळची किंवा रविवारची. "शनिवारी शाळेत काय करता रे?" असे विचारल्यावर म्हणाला, "सफाई. मग कचरा पेटवतात. मी काठीने ढोसतो."

रोगाचे मूळ पेरूत नव्हते.

"कागदच तर जाळतो," असे शिक्षक म्हणतात. पण त्या ढिगात वेफर्सची पाकिटे, तुटकी पेने, वह्यांची प्लॅस्टिक कव्हरे असतात. ओलसर ढीग भडकत नाही, धुमसतो, आणि अर्धवट जळण्याने धूर जास्त होतो. त्यातील २.५ मायक्रॉनहून बारीक कण नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. पीव्हीसी जळाले तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. सात-आठ वर्षांचे मूल त्याहून अधिक वेळा. म्हणजे वजनाच्या मानाने धूरही तेच जास्त ओढते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, पण आगपेटी अजून कपाटातच आहे.

मग कागदाचे करायचे काय? मुळात तो कमी फाडावा. वर्षअखेरीस उरलेली कोरी पाने एकत्र शिवून कच्च्या कामाची वही आमच्या लहानपणी घरोघर होत असे. हल्ली दुकानातली नवी वही घेतली जाते, असो. एका बाजूने लिहिलेले कागद गणितासाठी वर्गातच एका खोक्यात ठेवावेत. दोन्ही बाजूंनी संपलेला कोरडा कागद रद्दीवाला आनंदाने नेतो. पण त्यावर खिचडी सांडली की तो हात लावत नाही. म्हणून कागदाचे खोके आणि उष्ट्याची बादली वेगळी हवी.

खरकट्याचे खत आवारातच होते. साधारण मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. उष्ट्याचा एक थर, त्यावर वाळका पाला आणि खरकट्याने खराब झालेल्या साध्या कागदाचे तुकडे, वर मूठभर माती. नुसते खरकटे टाकाल तर घाण सुटेल, माश्या येतील. कोरडा थर ओल शोषतो आणि हवा खेळती ठेवतो. चकचकीत कागद आणि वेफर्सची पाकिटे खड्ड्यात नकोत. त्या पाकिटांत प्लॅस्टिक व धातूचे थर चिकटलेले असतात. ते कुजत नाहीत आणि बहुतेक भंगारवालेही घेत नाहीत. ती डब्यात येणारच नाहीत, हे पालकांनी पाहावे.

पावसाळ्यात दुसरी धास्ती. फुटक्या बादल्या, करवंट्या, जुने टायर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा आवार फिरून पाणी ओतून द्यावे. हा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळात.

आणखी एक. भजी, वडा छापील वर्तमानपत्रात बांधून डब्यात देऊ नका. तेलाबरोबर शाई पोटात जाते. वर्तमानपत्रातच हे लिहितो आहे, संपादकांनी क्षमा करावी.

त्या मुलाच्या शाळेत मी स्वतः गेलो. मुख्याध्यापकबाईंनी ऐकून घेतले. खड्डा झाला, शनिवारचा धूर थांबला. मुलाचा खोकला कमी झाला, पण दमा गेलेला नाही. त्याच्या आईने धूर बंद झाल्याबरोबर इनहेलरही बंद केला होता. तो पुन्हा सुरू करावा लागला. दम्याच्या मुलाचा इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये, आणि कोरडा झाडू मारताना त्याला वर्गाबाहेर बसवावे.